समुद्राकडेचा सपाट रस्ता आणि रोजचा तोच पेस

पत्र असं आहे, थोडं छोटं करून देते:

"ताई, नमस्कार. मी मूळची बेळगावची, शहापूर. वय ३४. तीन वर्षं झाली पळायला लागून, टिळकवाडी-कॅम्प भागात आणि रविवारी येळ्ळूरच्या बाजूला. १० किमीला ५८ मिनिटं लागतात, ५५ च्या आत यायचंय. डिसेंबरात नोकरीत बदली झाली आणि कारवारला आले. सगळे म्हणाले, मजा आहे बघ तुझी, समुद्राकडेला एकदम सपाट रस्ता, टायमिंग आपोआप खाली येणार. झालंय उलटंच. आठवड्यातले सहा दिवस सकाळी ७ किमी पळते, पेस रोज ६ च्या आसपास (म्हणजे किलोमीटरला ६ मिनिटं), पण बेळगावात ह्याच पेसला हार्ट रेट १४५ असायचा तो इथं १६५ दाखवतोय. पोटऱ्या सारख्या भरलेल्या. ऑफिसमधल्या एकानं सांगितलं वाळूत अनवाणी पळ, पाय मजबूत होतात, ते सुरू केल्यापासून डावी पोटरी जास्तच दुखते. रस्ता सपाट आहे तर रोज जोरात पळायचं की नाही? इजीचा दिवस कुठं आणि फास्टचा कुठं करू? आणि एकटीनं पळायला कुठला पट्टा बरा?"

अगं, आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाक की तुझा फिटनेस गेला म्हणून. काही गेलेला नाही. तीन वर्षांची मेहनत तीन महिन्यांत अशी उडून जात नसते. पत्र दोनदा वाचलं आणि माझ्या मते तुझा सगळा घोळ "पेस रोज ६ च्या आसपास" ह्या पाच शब्दांत आहे.

साधा हिशोब कर. १० किमीला ५८ मिनिटं म्हणजे किलोमीटरला ५ मिनिटं ४८ सेकंद, हा तुझा रेसचा पेस, जीव ओतून पळालेला आणि तोही बेळगावच्या गार हवेत. आणि तू आठवड्यातले सहा दिवस, उठल्या उठल्या, दमट हवेत ६ नी पळतेयस. म्हणजे रेसपेक्षा फक्त १२ सेकंद हळू. इजी रन असा नसतो, आणि ह्याला फास्ट पण म्हणता येत नाही कारण खरा वेग वाढवायला लागतो तेवढा जोरही ह्यात नाही. अधलंमधलं काहीतरी चाललंय, ज्यानं थकवा पूर्ण येतो आणि फायदा अर्धाच मिळतो.

बेळगावात हे का होत नव्हतं सांगते. तिथं जमीनच तुला सांभाळत होती. येळ्ळूरकडं जाताना चढ लागला की आपोआप पेस सातच्या पुढं जायचा, उतार लागला की पाय मोकळे व्हायचे, रेल्वे गेट बंद असलं की सक्तीचा ब्रेक, म्हणजे एकाच रनमध्ये हळू, जोरात, थांबणं सगळं आपसूक व्हायचं आणि पोटरी, मांडी, पार्श्वभाग, सगळ्यांना आळीपाळीनं काम मिळायचं. कारवारच्या समुद्राकडेला तुला हळू हो म्हणणारं काहीच नाही. सपाट रस्त्यावर शरीर एक लय पकडतं आणि तीच धरून ठेवतं, तोच स्नायू, तोच कोन, तेवढंच पाऊल, सात किलोमीटर. म्हणून पोटऱ्या भरतात. सपाट रस्ता वाईट नाही, उलट ट्रेनिंगला त्यासारखं दुसरं काही नाही कारण पेस अचूक धरता येतो, पण त्यावर हळू कधी आणि जोरात कधी हे तुलाच ठरवावं लागणार, रस्ता ठरवणार नाही.

आता हार्ट रेटचं. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंच, तिथून खाली आलीस म्हणजे हवेत ऑक्सिजन थोडा जास्तच मिळतोय, त्यामुळं त्या सगळ्यांचं म्हणणं कागदावर बरोबर आहे. पण तो फायदा दमटपणा खाऊन टाकतो आणि वर आणखी घेतो. घाम येऊन अंग गार होत नाही, घाम वाळला तर होतं, आणि कारवारच्या हवेत तो वाळतच नाही, पावसाळ्यात दोरीवर घातलेल्या कपड्यांसारखं. मग शरीर काय करतं तर उष्णता बाहेर टाकायला रक्त कातडीकडं वळवतं, पायांना पण रक्त पाहिजेच असतं, घामानं अंगातलं पाणी पण कमी होत असतं, तेव्हा हृदयाला तेच काम करायला जास्त ठोके द्यावे लागतात. म्हणून त्याच ६ च्या पेसला १४५ चे १६५. घड्याळ बिघडलेलं नाही आणि तू पण बिघडलेली नाहीस. उकाड्याची सवय शरीराला साधारण दोन आठवड्यांत बऱ्यापैकी होते पण ती सवय शांतपणे पळून होते, रोज अंग पिळून काढलं तर होत नाही. तू डिसेंबरात आलीस, तेव्हा हवा त्यातल्या त्यात बरी होती, आता मार्च लागलाय, एप्रिल-मे मध्ये अजून वाढणार. तेव्हा मे संपेपर्यंत घड्याळातल्या पेसला थोडं बाजूला ठेव. आणि जाता जाता, एकदा हिमोग्लोबिन तपासून घे. आपल्या बायकांत ते कमी निघायचं प्रमाण बरंच आहे आणि त्यानंही ठोके वाढतात, उगाच हवेला दोष देत बसायला नको.

इजी म्हणजे किती इजी? बोलता आलं पाहिजे. सोबत कुणी असेल तर पूर्ण वाक्यं, एकटी असशील तर मनाचे श्लोक मोठ्यानं म्हणून बघ, ओळ अर्ध्यात तुटली तर पेस जास्त आहे. तुझ्यासाठी तो पेस ६:४५ ते ७:३० च्या मधे कुठंतरी असेल, एखाद्या जास्तच उकाड्याच्या दिवशी ८ पण होईल, होऊ दे. तुला सुरुवातीला लाज वाटेल, शेजारनं भराभर चालणारे आजोबा पुढं जातील असं वाटेल, पण टिकून राहा. नॉर्वेत काम करणारे अमेरिकन संशोधक स्टीफन सायलर ह्यांनी मोठमोठ्या धावपटूंच्या, रोइंग करणाऱ्यांच्या, स्कीइंग करणाऱ्यांच्या ट्रेनिंगच्या नोंदी तपासल्या आणि त्यांना दिसलं की दहातली साधारण आठ सेशन्स ही मंडळी हळू करतात आणि दोनच जोरात. जगातले सगळ्यात वेगवान लोक आपल्यापेक्षा जास्त दिवस हळू पळतात. आणि म्हणूनच उरलेल्या दोन दिवशी त्यांना खरंच जोरात पळता येतं.

आता तुझा रस्ता. कारवारचा टागोर बीच उत्तरेला काळी नदीच्या मुखाजवळ कोडीबागला सुरू होतो आणि दक्षिणेला बैतखोल बंदराच्या बाजूला जातो, मधे सुरूची झाडं, ते 'चपळ' नावाच्या युद्धनौकेचं म्युझियम, मयूरवर्मा वेदिका हा खुला रंगमंच. (रवींद्रनाथ तरुण असताना इथं येऊन राहिले होते, त्यांचे मोठे भाऊ सत्येंद्रनाथ इथं जज्ज होते, म्हणून नाव टागोर बीच.) तुझ्याकडं घड्याळ आहेच, तर एका रविवारी चालत जाऊन ह्या पट्ट्यात कुठं पेव्हर आहे, कुठं डांबर, कुठं रस्ता ओलांडावा लागतो, दिवे कुठपर्यंत आहेत हे नीट बघून ये आणि त्यातला न थांबता पळता येईल असा सगळ्यात लांब सलग तुकडा शोधून काढ. किलोमीटरभराचा मिळाला तरी पुष्कळ झाला. तो तुझा फास्टचा तुकडा. तिथं गुरुवारीच जायचं, बाकीच्या दिवशी तिकडं पाऊलच टाकायचं नाही. हे मी मुद्दाम सांगते कारण पायाला जागेची सवय लागते, त्या तुकड्यावर पाय ठेवला की आज काम आहे हे शरीराला कळलं पाहिजे, आणि इजीच्या दिवशी दुसरीकडं, गल्ल्यांमधून, झाडांखालून, वळणं घेत, वाटेत कुणी भेटलं तर दोन शब्द बोलत पळायचं.

पळायचं नाही अशा जागा पण सांगून ठेवते. हायवेचा फ्लायओव्हर नको आणि बिणग्याकडचे बोगदे तर अजिबात नको, सपाट आणि सरळ दिसतात म्हणून मोह होतो पण ट्रकवाल्याला तिथं पळणारं माणूस अपेक्षितच नसतं. काळी नदीचा पूल ओलांडून सदाशिवगडाकडं जायची पण इच्छा होईल, दृश्य सुंदर आहे, मान्य. पण जुना पूल ऑगस्ट २०२४ मध्ये कोसळला त्यानंतर वाहतूक नव्या पुलावर आली, तिथं पळण्यात अर्थ नाही. सदाशिवगड, माजाळी करायचंच असेल तर गाडीनं पलीकडं जा आणि तिकडच्या आतल्या रस्त्यांवर निवांत इजी कर.

वाळूबद्दल मात्र मला जरा जास्त बोलायचंय, कारण तुझी पोटरी तिथंच बिघडली आहे.

कोरडी मऊ वाळू आणि ओली घट्ट वाळू ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मऊ वाळूत पाय रुततो, टाच खाली जाते, दर पावलाला पोटरीला आणि टाचेच्या वरच्या शिरेला जास्त ताणून वर यावं लागतं. बेल्जियमच्या संशोधकांनी १९९८ मध्ये मोजून दाखवलं की वाळूत पळायला घट्ट जमिनीच्या साधारण १.६ पट ऊर्जा लागते. म्हणजे तू "हळू" पळत होतीस ती वाळूत, अनवाणी, आणि शरीराला मात्र दीडपटीपेक्षा जास्त काम पडत होतं. तुझ्या ऑफिसमधल्या माणसाचं पूर्ण चूक नाही, वाळूत पाय मजबूत होतात, पण ते महिनोन्महिने, पाच-पाच मिनिटांनी वाढवत नेऊन, आणि पोटरी दुखत नसताना. जन्मभर शूज घालून डांबरावर पळालेल्या पायाला एकदम ७ किमी अनवाणी म्हणजे जुलूम झाला. अनवाणी पळणं आता बंद. पूर्ण बंद, महिनाभर तरी.

ओली घट्ट वाळू चालेल, शूज घालून, पण तिथं दुसरी भानगड आहे ती म्हणजे किनाऱ्याचा उतार. पाणी उजव्या हाताला ठेवून पळालीस तर उजवा पाय सतत खाली पडतो, डावा वर, कंबर तिरकी राहते आणि गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दुखायला लागतं. त्यासाठी जेवढं एका दिशेनं तेवढंच परत दुसऱ्या दिशेनं यायचं, गोल फेरी मारून रस्त्यानं घरी यायचं नाही. आणि वाळू सगळ्यात सपाट आणि घट्ट मिळते ती ओहोटीला. हे कळायला ॲप आहेत, पण आपल्या किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा हिशोब मला जास्त आवडतो आणि तो तोंडी होतो. तिथीची पाऊणपट करायची. आलेला आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर ४ ची पाऊणपट ३, तीनच्या सुमाराला भरती, मग त्याच्या सहा तास मागंपुढं म्हणजे नवाच्या सुमाराला ओहोटी. अष्टमीला ८ ची पाऊणपट ६, म्हणजे सकाळी सहाला पाणी अगदी वर, त्या दिवशी बीचवर जायचंच नाही, रस्त्यावर पळ. पौर्णिमा-अमावस्येला १५ ची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे पहाटे पाचच्या आसपास ओहोटी, आणि पुढं रोज साधारण ५० मिनिटं उशिरा. त्यामुळं सकाळी सहा-साडेसहाला पळणाऱ्या माणसानं पौर्णिमा किंवा अमावस्या झाली की पुढचे तीनेक दिवस बीचचे समजायचे. उधाणाचे दिवस असल्यानं पाणी आत पण लांब गेलेलं असतं, रुंद पट्टा मिळतो. जागेप्रमाणं हा हिशोब अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतो, एकदा कारवारच्या टाइड टेबलशी ताडून बघ, मग कालनिर्णय पुरे.

आणि सकाळी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढत असतील तर नीट बघ. पाण्यातून किनाऱ्यावर येणारा दोर दुरून वाळूच्याच रंगाचा दिसतो, मधेच सैल पडलेला असतो आणि मधेच ताठ होऊन गुडघ्याएवढा वर येतो. त्यावरून उडी मारायची नाही. वरच्या बाजूनं, ओढणाऱ्या माणसांच्या मागून वळसा घालून जायचं, ते लोक कामात आहेत, आपण हौसेला आलोय. दोन-तीन दिवस "कितें, मासळी गावली?" विचारलंस की ओळख होईल, आणि ओळखीची माणसं किनाऱ्यावर असणं ही एकट्या बाईसाठी मोठीच गोष्ट आहे.

ते एकटीचं पण बोलून घेऊ. झुंजूमुंजू झाल्याशिवाय बीचवर उतरू नको, उजेड पडेपर्यंत दिव्याच्या रस्त्यावर वॉर्मअप कर. मागं डोंगर असल्यानं कारवारात ऊन अंगावर यायला तसाही वेळ लागतो, त्यामुळं अंधारात निघायची घाई नाही. दोन्ही कानांत इअरफोन नको, एकच ठेव किंवा नकोच. रस्त्यावर समोरून गाड्या येतील अशा बाजूनं, म्हणजे उजवीकडनं पळ. फोन जवळ असू दे, घरी किंवा रूममेटला लाइव्ह लोकेशन दे, आणि जी माणसं रोज चालायला येतात त्यांना मान डोलावून ओळख दाखवत जा. कुत्री मागं लागली तर पळायचं थांबव, त्यांच्याकडं बघत चालत जा, आपण पळालो की ती पळतात. हे सगळं तुला माहीत असणार, तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

बरं, फास्टचा दिवस. तो सकाळी ठेव. पहाटे समुद्रावर वारा कमी असतो, असला तर जमिनीकडून पाण्याकडं जाणारा हलका मतलई वारा, दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा सुटतो आणि तो एका दिशेला पेस फुगवून दाखवतो, परत येताना तेवढंच काढून घेतो. त्यामुळं संध्याकाळी इजी बरा, वाऱ्यानं घाम पण वाळतो, सूर्य पाण्यात जाताना मन पण प्रसन्न, गर्दी असते पण हळूच पळायचंय तर गर्दीचं काय. फास्टला मात्र शांत हवा आणि मोकळी वाट पाहिजे.

पहिले दोन आठवडे फास्ट काही करायचंच नाही, पोटरी शांत होऊ दे. त्यानंतर गुरुवारी १५ मिनिटं अगदी हळू पळून अंग गरम कर, मग त्या ठरवलेल्या सलग तुकड्यावर ८ मिनिटं टेम्पो, ३ मिनिटं चालत-जॉग करत, परत ८ मिनिटं, आणि १० मिनिटं हळू. टेम्पो म्हणजे असा जोर की तीन-चार शब्दांच्या पलीकडं बोलता येत नाही पण तासभर रेटता येईल असं वाटतं, हातचं राखून. बेळगावच्या हवेत तो पेस तुला ५:५० च्या जवळ पडला असता, कारवारात मार्च-एप्रिलमध्ये तोच जोर ६:०५ किंवा ६:१५ दाखवेल. दाखवू दे. शरीराला जोर कळतो, आकडा कळत नाही. दर टेम्पोला एकेक मिनिट वाढवत दोन दहा-दहाचे, मग पुढं सलग २० मिनिटांपर्यंत जा. एक आठवडा टेम्पो केला तर पुढच्या आठवड्यात बदल म्हणून ३ मिनिटं जोरात, २ मिनिटं जॉग, असं पाच वेळा. इथं वेग टेम्पोपेक्षा जास्त, पण पाचव्या फेरीला पण पहिल्या फेरीएवढंच अंतर कापता आलं पाहिजे. पहिल्या दोन फेऱ्यांत सगळं उडवून टाकलंस तर बाकीच्या तीन वाया.

बाकी आठवडा मोकळा सोपा आहे. सहा दिवस पळणं बंद, चार दिवस बास. मंगळवारी आणि शनिवारी ५-६ किमी इजी, आणि मंगळवारच्या शेवटी २० सेकंदांच्या चार स्ट्राइड्स, म्हणजे वेग हळूहळू वाढवत नेऊन सोडून द्यायचा, मधे पूर्ण दम घ्यायचा, ह्यानं पायाला वेगाची आठवण राहते आणि थकवा येत नाही. त्या पण पोटरी शांत झाल्यावरच. रविवारी लाँग, ९-१० किमी, पुढं १२-१३ पर्यंत. आणि रविवारी गावी जात असशील तर फारच उत्तम. बेळगावच्या गार हवेत येळ्ळूर गाठ, जमलं तर राजहंसगडाच्या चढाला लाग, चढ हळू पळत किंवा सरळ चालत, उतार सांभाळून, पोटरी दुखत असेल तर चढ सोडून दे. सपाट रस्ता जे काम देत नाही ते त्या चढावर मिळतं, महिन्यातून दोनदा मिळालं तरी पुरे. प्रवासानं अंग आंबलं असेल तर टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या आवारात झाडांखाली इजी फेऱ्या मार, लाँग करायचा हट्ट नको.

पोटरीसाठी एक छोटा व्यायाम. पायरीच्या कडेवर चवडे ठेवून उभी राहा, टाचा वर, मग सावकाश खाली, पायरीच्या पातळीपेक्षा जरा खाली. गुडघा सरळ ठेवून १२ आणि गुडघा थोडा वाकवून १२, असे तीन सेट, दिवसाआड. वाकवून करायचं विसरू नको, आतला खोल स्नायू त्यानंच मजबूत होतो आणि पळताना सगळ्यात जास्त भार त्याच्यावर असतो. पण दोन आठवडे हळू पळून आणि वाळू बंद करून पण दुखणं कमी झालं नाही, सकाळी पहिलं पाऊल टाकताना लंगडायला होतं, किंवा एका जागी बोट ठेवून दाखवता येईल असं दुखतं, तर फिजिओकडं जा, अंगावर काढू नको. आणि एकच पोटरी सुजली, गरम लागली, लालसर झाली तर त्याच दिवशी डॉक्टर, ते पळण्याचं दुखणं नसू शकतं, रक्ताची गाठ पण असू शकते.

पाण्याचं थोडक्यात. एक दिवस पळायच्या आधी आणि नंतर वजन करून बघ, १ किलो कमी भरलं म्हणजे साधारण १ लिटर घाम गेला. कारवारात तुझं तेवढं सहज जात असेल. ते सगळं एकदम ढोसायचं नाही, पुढच्या दोन-तीन तासांत घोट घोट, आणि नुसतं पाणी नको, मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत किंवा मीठ घातलेलं कोकम, तिथं मिळतंच. पळताना डोकं हलकं झालं, उकाड्यात अंगावर काटा आला, गार वाटायला लागलं, तर किती किलोमीटर राहिलेत ते न बघता थांब, सावलीत बस, डोक्यावर पाणी ओत.

५५ मिनिटांचं म्हणशील तर ते होणार, मला शंका नाही, कारण आत्तापर्यंत तू कधी नीट हळू पळाली नाहीस आणि कधी नीट जोरात पळाली नाहीस, आणि तरी ५८ आहे. पण ते कारवारच्या एप्रिलमध्ये काढायचा हट्ट नको. ५५ म्हणजे किलोमीटरला ५:३०. मेपर्यंत पाया घट्ट कर, दिवाळीनंतर हवा गार पडली की बेळगावला एखाद्या सकाळी प्रयत्न कर.

पावसाळ्याचं तू विचारलं नाहीस पण आत्ताच सांगते, जूनपासून बीच विसर. कारवारचा पाऊस बेळगावच्या दुपटीहून जास्त, समुद्र खवळलेला, लाट वरपर्यंत येते, किनारा कापला जातो, आज जिथं वाळू होती तिथं उद्या खड्डा. सप्टेंबरपर्यंत रस्त्यावरच, दिव्याखाली, रंगीत भडक टीशर्ट घालून, पेव्हरवर शेवाळ धरलेलं असतं तिथं फास्ट न करता डांबरावर. शूजच्या दोन जोड्या लागतील कारण एक वाळायला दोन दिवस लागतात. आतला सोल काढून, वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेव, गॅसजवळ किंवा हीटरसमोर नको, त्यानं तळव्याचा डिंक सुटतो. आणि बीचवरून आल्यावर, आत्ता पण, शूज गोड्या पाण्यानं पुसून घेत जा.